सदतिसाव्या मिनिटाला

झिलमाचा अल्बम आला शुक्रवारी, रात्री बाराला.
अठ्ठेचाळीस मिनिटांची एकच सलग फिल्म, नाव 'तळ'.
आणि रविवारी सकाळी आम्ही सहा जण
गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे, मिसळीच्या बाकड्यावर,
फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा.
फेब्रुवारीची थंडी अजून आंब्याखालून उठली नव्हती.

पहिल्या तासात कपाटाचाच निकाल लागेना.
कोरड्या धरणातून ती लोखंडी कपाट ओढत नेते ना,
ते म्हणजे लग्न, असं शर्विल म्हणाला.
ते म्हणजे तिची जुनी कंपनी, गाण्यांवर बसलेली.
मेहजबीनकडे पुरावे होते, तारखांसकट.
कपाट म्हणजे कपाट का नसावं, असं केदारनं विचारलं.
त्याला जादा पाव द्यायचा नाही, असं ठरलं.

मग सदतिसावं मिनिट.
गाणं मध्येच थांबतं, ती सरळ आपल्याकडे बघते
आणि आवाजाशिवाय एक शब्द बोलते.
ओठ मिटतात, उघडतात, मिटतात.
झालं.

माफ, मेहजबीन म्हणाली.
पाप आहे ते, नीट बघ, पाप.
माझ्या तोंडून निघून गेलं, बाप.

एवढ्यावर तीन वेगळ्या फिल्मा झाल्या.
कपाट कुणाकडे चाललंय तेही बदललं,
चिखल बदलला, तिच्या हातातल्या बांगडीचा रंगसुद्धा.
आम्ही एकमेकांसमोर तोंडं हलवून बघत होतो,
माफ पाप बाप, बाप माफ पाप,
पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखे,
आणि शेजारच्या बाकड्यावरच्या बाईंनी
पोराचं ताट हळूच पलीकडे सरकवलं.

हेमांगी तेव्हा पापड मोडत होती.
शर्विलची मावसबहीण, टाकळी रोडची,
जन्मापासून ऐकू येत नाही तिला.
जग ती ओठांवरूनच वाचते.
तू सांग, शर्विल म्हणाला, तू सांग आता.
तिनं बोटाची तर्री पुसली, चारदा बघितलं,
मग फोनवर टाइप केलं:
*तिन्ही शब्द दिसायला एकच आहेत.
मला सगळं असंच येतं.*

मग तू ओळखतेस कसं?

*आधी काय चाललं होतं ते बघते.
आणि कुणाला म्हणतायत.
इथं आधी काय होतं?*

कुणालाच आठवेना.
दोन दिवस आम्ही ती चार सेकंदंच
पुढे-मागे, पुढे-मागे करत होतो.
छत्तिसावं मिनिट लावलं.
भेगाळलेली माती. कडेला एक लहान मुलाची चप्पल, डाव्या पायाची.
माणूस कुणी नाही. वाऱ्याचा आवाज, तोही पुरता नाही.

चप्पल! मेहजबीन जवळजवळ किंचाळली,
शर्विलनं कपाट सोडून दिलं,
केदार काही बोलणार होता, त्याला पावाची आठवण दिली.
पोऱ्या येऊन पापड मोजून गेला,
बाहेर लोक नंबर लावून उभे होते,
हेमांगीनं माझ्याकडे बघून भुवई उचलली,
बाप कुठून आला, असं विचारल्यासारखी.
मी जिलेबी घेतली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी पाथर्डी फाट्यावर, खोलीत,
इस्त्रीचे शर्ट खुंटीला लावत होतो. सोमवारी पहिली पाळी.
वडिलांचा व्हिडिओ कॉल आला, मनमाडहून.
ते महिन्यातून एकदाच करतात,
फोन इतका जवळ धरतात
की अर्धी मिशी आणि मागचा पंखा तेवढा दिसतो.
आज त्यांनी तो लांब धरला होता. सगळा चेहरा आला.
काहीतरी म्हणाले, आणि आवाज गेला.

ओठ मिटले, उघडले.
पैसे असेल.
बरा आहेस ना, तेही असेल.
मनमाडला ये, किंवा महिना झाला, किंवा
ते दुसरं, भांडणानंतर आमच्यात कुणीच न काढलेलं.
आधी काय होतं ते मला माहीत होतं.
चित्र तिथंच अडकलं, ओठ मिटलेले.

आवाज येत नाहीये, असं म्हणायला हवं होतं.
मी म्हणालो,
हो. कळलं.