दाराचे फोटो

मारेतनं तीनशे बारा पानं
पीडीएफ करायला लावली
आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेतली.
बाहेर इनारीचं तळं गोठलेलं,
दुपार आहे की रात्र
ते घड्याळालाच ठाऊक.

कॉफी निवायच्या आत फाइल तयार.
पान एक : कृपया लॉग-इन करा.
पान दोन : कृपया लॉग-इन करा.
पान तीनशे बारा : तेच.

सॉफ्टवेअर बिचारं
सांगितलं तिथं गेलं,
ओळख ना पाळख, हात हलवत.
आत कुणी घेईना
म्हणून दाराचाच फोटो काढून आणला,
तीनशे बारा वेळा,
एकदाही न कंटाळता.

ती हसली. सेटिंग उघडून
त्याच्या मुठीत एक कुकी दिली,
ब्राउझरमधून उचललेली चौसष्ट अक्षरांची ओळ,
मागून-पुढून कुठूनही वाचा, अर्थ नाही.
चाळीस मिनिटं टिकणारी ओळख.
शेवटचं अक्षर कॉपी करताना सुटलं : पुन्हा दार.
मग उघडलं.

आता बेटं आली, तळ्यातली.
कुणी कुठं जाळं टाकायचं,
कुणाचं कुत्रं कुठल्या खडकापाशी बुडालं.
पण सगळं फिनिश भाषेत.
विचारणाऱ्यानं भाषा सांगितली नाही
तर सर्व्हर आपल्या मनानं ठरवतो.

मारेतचा हात कीबोर्डवर राहिला.

वडील टपाल कचेरीच्या खिडकीशी
टोपी काढून उभे राहायचे.
घरापासून बर्फातून इनारी सामीत
स्वतःशी बडबडत आलेले,
काचेपुढं फिनिश, तेही चार शब्द.
आतल्या बाईनं कधी विचारलं नाही
कुठल्या भाषेत बोलू.
यांनीही सांगितलं नाही.
सांगता येतं
हेच माहीत नसावं.

हेडरमध्ये भाषेची जागा रिकामी होती.
तिनं तीन अक्षरं घातली : एस, एम, एन.
एकदा तपासली.
पाठवलं.

या खेपेला वेळ लागला.
फिरणारं वर्तुळ बघत
तिनं गार कॉफी संपवली.

पान एकेचाळीस.
कुत्र्याच्या बेटाचं नाव,
वडील म्हणायचे तेच,
फक्त दोन अक्षरांच्या जागी
रिकामे चौकोन.
फॉन्ट नव्हता.

रिकाम्या कचेरीत
मारेतनं ते मोठ्यानं वाचलं,
चौकोन तोंडानं भरून,
मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

कुकीची अजून सहा मिनिटं होती.