मंगळवारची गोळी

किल्लीच्या पेटीचा आकडा आता बोटांनाच पाठ आहे.
दार ढकलण्याआधी हाक द्यायची,
बुटांवर निळी प्लास्टिकची टोपडी चढवायची.
आई फोनवर हसली होती,
बुटांनासुद्धा कुंची घालतात का गं तिकडे?
मग हात धुवायचे, वीस सेकंद.
मी मनात सतराचा पाढा म्हणते,
न अडखळता म्हटला तर बरोबर पुरतो.

मिस्टर स्टॅदर्स खिडकीशी.
हलच्या या गल्लीतून हंबर दिसत नाही,
तरी ते भरती कधी ते सांगतात
आणि सहसा चुकत नाहीत.
"काल आली नाहीस ती तूच का?"
"नाही, मी आज आलेली."
"काल कुणीच आलं नाही," ते म्हणाले, टोस्टकडे बघत.

स्मृतिभ्रंश, असं फायलीच्या पहिल्याच पानावर आहे,
त्यामुळे त्यांच्या बोलण्याला कुणी पुरावा धरत नाही.

पण गोळ्यांच्या पाकिटात
मंगळवारचा खण फुगलेला.
आत ती पिवळट गोळी, रक्त पातळ ठेवणारी,
जशीच्या तशी.
आणि वहीत: मंगळवार, आठ दहा, गोळी दिली, चहा घेतला, मूड चांगला.
खाली सही. टीची शेपटी गळासारखी वळलेली.

त्सित्सीची सही.

जानेवारीत मी पातळ स्वेटरवर या गावात उतरले
तेव्हा तिनं मुलाचा कोट आणून दिला होता,
बाह्या दुमड म्हणाली, वाढशील.
मी एकेचाळीस वर्षांची.
तिचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे.
माझाही.

गोळी काढून बेसिनमध्ये सोडायला
किती वेळ लागला असता?
खण रिकामा, वही खरी.
भिंतीवरच्या फोटोतल्या ट्रॉलरशिवाय बघायला कोण होतं.

मी आधी फार्मसीला फोन केला.
दुप्पट देऊ नका, आजची तेवढी द्या,
हिरड्यांतून, लघवीतून काही दिसतंय का बघा,
डॉक्टरांना आम्ही कळवतो.
मी बघितलं. काही नव्हतं.
बुधवारची दिली, पाण्याबरोबर, गिळेपर्यंत थांबले.

मग त्सित्सीला.
पलीकडे बराच वेळ तिच्या गाडीचा इंडिकेटर वाजत राहिला.
"आठ पंचवीसला हेसल रोड सोडायचा," ती म्हणाली,
"आणि आठ पंचवीसलाच कॉटिंगहॅममध्ये शिरायचं.
मध्ये फाटक आहे, हेमांगी.
दोन मालगाड्या गेल्या.
मी फाटकात बसूनच सही केली."
इंडिकेटर.
"लिही तू. पण ते शून्य पण लिही."

फॉर्मवर "काय घडलं" याला सात ओळी,
"का घडलं" याला एक.
सात ओळींत मी गोळी लिहिली, सही लिहिली,
नाव लिहिताना हात जड झाला तरी लिहिलं.
आणि मिस्टर स्टॅदर्स यांनी स्वतः सांगितलं, असं लिहिलं,
कोट केलेलं, त्यांच्याच शब्दांत.
मग कागद उलटवला
आणि कोऱ्या पाठीवर रस्ता लिहिला:
सव्वाचार मैल, एक फाटक, दिलेली मिनिटं शून्य.
माझ्या वेळापत्रकातलीही तीन शून्यं लिहिली, तारखेनिशी.

बावीस मिनिटं झाली. मंजूर पंधरा.
फोन लाल होऊन थरथरत होता,
पुढच्या घरी मिसेस ऑलनबी
पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेल्या असणार,
एकटीनं उठू नका सांगूनही.

"उद्या येशील?"
उद्याचं वेळापत्रक अजून यायचं होतं.
जे नक्की नाही ते नोंदवायचं नाही,
पहिल्याच दिवशी शिकवलंय.
मी हो म्हणाले नाही.
पाण्याचा ग्लास त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला,
चालणारा हात तो आहे.