बिनव्हिशाचा

रात्री दोनला उठायचो, सोहारच्या कॅम्पात,
खाटेखालचा बिस्किटांचा पुडा चाचपत.
चार खाल्ली की आग निवायची,
पहाटेच्या बसपर्यंत.

दोष ठेवला हलीमाच्या लोणच्यावर.
फोनवर म्हटलं, यंदा बरणी धाडू नकोस.
ती गप्प झाली.

आणि रोलरच्या हादऱ्यांनी कंबर धरली की
दुखण्याची गोळी. उपाशीपोटी एक, झोपताना एक.
सहा वर्षं. खिशात सुपारीसारखी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
परसाकडला काळं होतं का, डांबरासारखं?
मी हसलो. बाई, डांबरच तर पसरतो मी.
मग आठवलं.

घशातून नळी उतरली. पडद्यावर
माझंच आतडं, ओलं, गुलाबी,
आणि त्यात खड्डा. नखाएवढा.
आमच्या गँगने ढुंकूनही पाहिला नसता.

जंतूही निघाला. लहानपणीच शिरला असेल, म्हणाल्या,
पाण्यातून, नाहीतर एका ताटातून.
म्हणजे कातळवाडीपासून बरोबर होता.
विमानतळावर शिक्का माझ्या पासपोर्टवर पडला,
हा आतल्या आत पार.

चौदा दिवस मूठमूठ गोळ्या,
तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यागत चव.
कंबरेची गोळी बंद.
पुढे दोनेक महिन्यांनी पिशवीत फुंकर मारायला लावली,
आई ओल्या लाकडांवर मारायची तशी, डोळे मिटून.
गेला होता.

हलीमाला म्हटलं, बरणी धाड.
लोणच्याचा गुन्हा नव्हता.
ती म्हणाली, आणि कंबर?

बाहेर रोलर सुरू झाला होता.