ब्रिस्क

नर्स कर्स्टीने कागदावर एक शब्द लिहिला
आणि खाली दोन रेघा मारल्या: ब्रिस्क.
दिवसातून वीस मिनिटं, मिसेस रेन्विक, ब्रिस्क चालायचं.
म्हणजे किती? मॅविसने विचारलं.
म्हणजे असं, की चालता चालता बोलता यावं
पण गाता येऊ नये.
आणि टिचकन पेन बंद करत
तिने पुढच्या पेशंटला हाक मारलीसुद्धा.

मी हा शब्द मराठीत आणायला बसले
तर तो एका पिशवीत मावेना.
चालण्याला झपझप म्हणावं, तर वारा झपझप नसतो.
वाऱ्याला झोंबरा म्हणावं, तर धंदा झोंबरा कसा?
शनिवारी धक्क्यावरच्या टपरीत
तळलेला हॅडक हातोहात खपतो, तोही ब्रिस्कच.
चहा असेल तर कडक. बोलणं असेल तर तुटक.
आमच्याकडे हा एकटा नाही,
वेगवेगळ्या गावांना दिलेल्या बहिणी आहेत,
नाक तेवढं सारखं.

गावाचं नाव अ‍ॅम्बल.
इंग्रजीत अ‍ॅम्बल म्हणजे रमतगमत चालणं.
नाव त्यावरून पडलेलं नाही, असं तिथले जाणते सांगतात;
रोलीला ते कधी पटलं नाही.
तो गावाच्या नावासारखाच चालायचा.
कुणाचे खेकड्यांचे पिंजरे, कुणाची दोरी, कुणाचं कुत्रं,
सगळ्यांपाशी थांबत, गाठी तपासत.
मॅविस दहा पावलं पुढे.
ये की रे, भरती येऊन ओसरेल तोवर.
एक्कावन्न वर्षं.

मार्चमध्ये हॉस्पिटलच्या बोळात
डॉक्टर चार वाक्यं बोलला.
चांगली वाक्यं होती, इस्त्री केलेली.
पाचवं, पार्किंगच्या तिकिटावर शिक्का कुठे मिळेल याचं.
कोशात हा अर्थ बराच खाली दिलेला असतो.
तिने त्याला बोल लावला नाही.
त्याच्यामागे आणखी दारं होती.

आता साडेसातला ती निघते, निळ्या बुटांत,
धक्क्याच्या टोकाच्या दिव्यापर्यंत आणि परत.
अडचण एवढीच
की बोलता येतंय का, हे बघायला कुणीतरी लागतं.
पहिल्या दिवशी तिने आयडर बदकांना
गॅसचं बिल आकड्यांसकट सांगितलं.
दुसऱ्या दिवशी टेरी स्ट्रॉन जाळं शिवत होता.
त्याने टोपी उचलली, खाली ठेवली, संपलं.
मग उरला नियमाचा दुसरा अर्धा.

चॅपलमध्ये ती खालच्या सुरात गायची.
खालच्या सुराला लोकांच्या ओठांवर बसेल अशी चाल नसते,
वरच्यांना टेकू द्यायचा असतो.
तो टेकू तिने वाऱ्याला लावला
आणि दुसऱ्या ओळीवर श्वास तुटला.
छान. ब्रिस्क.
रोज तुटायचा. रोज वहीत एक फुली.

ऑक्टोबरात एका सकाळी वाटेत पिंजरे रचलेले होते,
सर्वांत वरच्यात मुठीएवढा खेकडा,
विकण्याजोगा नाही, विसरलेला.
ती थांबली.
गाठ पाहिली. रोली मारायचा तशी नव्हती,
पण सुटली.
खेकडा पाण्यात पडला त्याचा आवाजही आला नाही.
मग ती निघाली, गावाच्या नावासारखी.
गाणं सुरू केलं आणि ते पुरलं,
चारही कडवी,
दिव्यापाशी शेवटचा सूर लांबवण्याइतकं.
तिथे जरा वळून उभी राहिली.
मागे दहा पावलांवर ओले दगड होते.

शुक्रवारी कर्स्टीने वही चाळली.
एवढ्या फुल्या, आणि मध्येच एक चौकोन रिकामा.
इथे काय झालं?
वारा पडला होता, मॅविस म्हणाली,
चटकन,
आणि कोटाची बटणं लावायला लागली.