नववं घर

दरीत चार घंटा. मधल्या गावातल्या घंटेला
फेब्रुवारीच्या थंडीत तडा गेला.
लोलक लागला की आता
जिन्यावरून बादली गडगडावी तशी वाजते.

चारही आमच्याच भट्टीतल्या. सोचा नदीच्या वळणावर
वडिलांची भट्टी, आता माझी आणि ओझ्बेयची.
घंटेचा घाट, कमरेपासून ओठापर्यंत,
वडील एका प्रोग्रामला विचारून काढत.
देश नवा झाला त्या वर्षी ल्युब्ल्यानाच्या कुणा अभियंत्याने तो लिहिला.
पुढे त्याची कंपनी मिटली,
मग तो मिटला,
आणि गेल्या वर्षी आमचा पिवळट पडलेला कॉम्प्युटरही
एक जळका वास सोडून गप्प झाला.

आम्ही नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्याने घाट दिला,
सुबक. तीनशे किलो कांसं ओतलं,
वर टांगलं, बाकीच्या तिघींबरोबर वाजवून पाहिलं.
घंटा बरोबर होती.
तेच चुकलं.
तिघी बहिणी एकाच वाकड्या दाताने हसतात
आणि त्यांच्यात ही पाहुणी,
बत्तिशी सरळ.

घण घालून फोडली. तुकडे परत भट्टीत.
ओझ्बेय दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

मग फ्लॉपी शोधली. चार होत्या, एक वाचता आली.
नव्या कॉम्प्युटरच्या चिपला त्या प्रोग्रामची बोली कळत नाही,
मधे दुभाष्या बसवावा लागतो.
तो इकडचं ऐकतो, तिकडे सांगतो,
आणि प्रोग्रामला वाटत राहतं
आपण आपल्याच घरी आहोत.
निळा पडदा उजळला. पांढरी अक्षरं,
काहींच्या डोक्यावरच्या टोप्या उडालेल्या.
साल विचारलं. दोनच आकड्यांची जागा.
मी २६ टाकले, त्याने मुकाट १९२६ धरलं.
असू दे. घंटेला काय त्याचं.

उत्तर आलं. वडिलांच्या वहीतल्या पेन्सिलीशी ताडलं:
दशांशाच्या आठव्या घरापर्यंत तंतोतंत,
नवव्यात फरक.

ओझ्बेयने दोन रात्री खर्चून कारण काढलं.
जुन्या चिपच्या पोटात एका आकड्याला ऐंशी बिटांची जागा होती,
नवीच्या पोटात चौसष्टांची.
दुभाष्या वाटेत प्रत्येक आकड्याचं शेपूट छाटत होता.
छाटलेलं शेपूट केसाएवढंही नाही,
पण चाळीस हजार फेऱ्या होतात,
आणि शेवटी घंटेच्या ओठाशी
ते दोन मिलिमीटर होऊन उभं राहतं.

म्हणजे अभियंत्याची चूक वेगळी,
दुभाष्याची चूक वेगळी,
आणि आम्हाला पहिलीच हवी होती, निर्भेळ.

तिसऱ्या रात्री ओझ्बेयने दुभाष्याला बजावलं:
सुधारून सांगू नकोस,
त्याचा तोतरेपणासुद्धा जसाच्या तसा बोल.
आता प्रत्येक बेरीज जुन्या चिपसारखी,
पाटीवर हातचा मांडून.
हजारपट वेगाचा कॉम्प्युटर
एका घाटापायी पाऊण तास धापा टाकत होता.
पंखा घोंघावला. मी कॉफी केली.
वडीलही करत, एवढाच वेळ लागायचा.

नववं घर: सात.
वहीत: सात.
ओझ्बेयने सातावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

साच्यावर साल मात्र मी खरं कोरलं.

जूनमधल्या रविवारी पोरं मनोऱ्यावर चढली,
लोलक हातात धरून ठोके द्यायला,
इथली जुनी रीत आहे ती.
मी खाली चौकात उभी, घशाला कोरड.
बाकावर मार्युता आजी शेंगा सोलत होती,
नव्वदीची, कानाची तिखट,
पाहुणी वाजली तेव्हा हिनेच तोंड वाकडं केलं होतं.

चौघी वाजल्या.
तिने एक किडका दाणा बाजूला टाकला
आणि पुढची शेंग उचलली.