राणी रंगाचा लिंब

सेलूत तेव्हा जिनिंगचा भोंगा झाला
की व्होल्टेज वर यायचं.
आम्ही नवाची वाट बघायचो,
बल्ब पिवळ्याचा पांढरा होईतो.
मग मुनीरभाई स्टॅबिलायझरला दोन थापा मारून म्हणायचे,
"हां, अब लगाव."

वैजनाथदादानं तो काचीगुड्याच्या गाडीनं आणला,
टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून.
लोकांना वाटलं आजारी लेकरू आहे,
नांदेडला एका बाईनं सरकून जागा दिली.
बटणं खोडरबरासारखी मऊ.
पडदा नाही, काही नाही,
वायर थेट आमच्या टीव्हीच्या पाठीत,
जिथं एरवी अँटेना.

टेप लावली की किंचाळायची,
गल्लीतली कुत्री उठून उत्तर द्यायची.
आवाज बरोबर सातावर हवा,
साडेसातावर सगळं नापास.
पडद्याच्या काठानं पट्टे धावायचे
सतरंजी कुणी ओढत न्यावी तसे,
आणि आम्ही श्वास धरून,
जणू आमच्या श्वासानंच एखादा आकडा सांडेल.

रंग आठ होते. म्हणजे पुस्तकात होते.
शून्य काळा, एक निळा, दोन तांबडा, तीन राणी,
चार हिरवा, पाच आकाशी, सहा पिवळा, सात पांढरा.
टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट.
त्यामुळं आम्हाला आठ तऱ्हेची राख दिसायची.
ही राख तांबडी, असं ठरवून टाकलं
की ती थोडी गरमही वाटायची.

गिरिजा सातवीत.
आलेखवहीत आठ बाय आठची चौकट आखून
लिंबाचं पान काढायची,
भरलेल्या घरांची बेरीज तोंडी करायची,
एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, सोळा, दोन,
गणितात काठावर पास होणारी पोरगी.
आठ आकड्यांचं एक पान.
अख्ख्या लिंबाला तीन शनिवार लागले.
दोनदा लाइट गेली, झाड गेलं.
दोनदा ती काही न बोलता
ओळ दहापासून पुन्हा बसली.

तिसऱ्या शनिवारी उगवला.
आधी खोड, मग फांद्या, मग पान, पान, पान,
चार मिनिटं मोजून.
"हिरवा दिसायलाय का?"
"दिसायलाय," आम्ही म्हणालो.
मी, दादा, मुनीरभाई,
आणि दारात चपला हातात घेऊन थांबलेला
जिनिंगचा वॉचमन, त्यानंही मान हलवली.

पुढं दादाचं लग्न ठरलं.
बटणांखालची पट्टी तडकली, ती इथं मिळेना.
ट्रान्सफॉर्मर मुनीरभाईंनी कुणाच्यातरी रेडिओला बसवला.
राहिली ती कॅसेट,
बिस्किटांच्या डब्यात, विम्याच्या पावत्यांखाली.

परवा पोरानं लॅपटॉपात
त्या यंत्राचं सोंग उभं केलं.
स्पिरिटनं हेड पुसलं,
दोनदा किंचाळून टेप अडली,
तिसऱ्यांदा लिंब उगवायला लागला.
पोरगा मध्येच उठून चहा घेऊन आला,
इतकं हळू काही असतं हे त्याला माहीत नव्हतं.

राणी रंगाचा.
बुंधा काळा आणि वर सगळा
लग्नातल्या शालूसारखा, भडक, निर्लज्ज.
"बाबा, कलर चुकलाय."

किनवटला फोन लावला.
मागं पिठाची गिरणी चालू, म्हणून गिरिजा ओरडून बोलत होती.
"चुकला कशाचा? तीनच दाबलं होतं मी!
तुम्ही सगळे म्हणलात दिसायलाय,
मग मी कशाला सांगू?"
कुणाचं तरी पायलीभर ज्वारीचं काहीतरी ठरलं मध्ये.
मग म्हणाली,
"हिरवा तर दारात होताच की रे."

रात्री पोरगा झोपल्यावर
मी पडद्यावरचे रंग काढून टाकले.
झाड पुन्हा राखेचं झालं.
चष्मा पुसला, बराच वेळ बसलो.

हिरवाच दिसायलाय.