के सायलेंट

स्पेलिंग पाठ करायची आमची एक रीत होती,
क-नाय-फे, वेड-नेस-डे, नि-घ-ट,
टाल्क, वाल्क, इस-लँड.
उदगीरच्या शाळेत पत्र्याखाली
चाळीस गळे एका सुरात,
आणि भिंतीपलीकडे मोंढ्यात
मापाडी तूर मोजायचा : लाभ, दोन, तीन.
एक म्हणायचाच नाही.
त्याला कुणी मारत नव्हतं.

खमितकर सर देगलूरहून यायचे सातच्या गाडीनं.
धोतर पांढरं, खडू पांढरा, हातात शिंदीचा फोक.
‘नाइफ म्हण. के सायलेंट हाय.’
‘सर, मग लिवायचा कशाला?’
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
उजव्या हातावर दोन, डाव्यावर एक.
आजही सुरी हातात घेतली
की तळवा आधी मिटतो.

पुढं मी बोलण्यावरच पोट भरलं.
एसटीच्या खिडकीत, माईकसमोर, एकतीस वर्षं.
मी म्हणायचो फलाट, माणसं म्हणायची पलाट,
युसूफमियाँ इस्टँडच म्हणत गेले अखेरपर्यंत,
बाप माझा ठेसन म्हणायचा
आणि गाडी त्याच्यासाठीही थांबायचीच.
एक पोरगी कॉलेजची, खिडकीशी येऊन म्हणाली,
‘काका, लातूरचं स्केज्युल काय आहे?’
मी शेड्यूल म्हणालो.
दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो,
बस तेवढी चुकली.

प्रांजल पुण्यात रात्रपाळी करते.
अमेरिकेतल्या लोकांचे बिघडलेले हिशेब निस्तरते.
घरी आली की पाणी मागताना मराठीत मागते,
पण फोनवर वॉडर म्हणते, ट्वेनी म्हणते.
‘टी कुठं गेला गं?’
‘गिळतात पप्पा तिकडे.’
म्हणजे अजून चालूच आहे तर,
माझ्या घरात, बाजेवर बसून,
माझ्यादेखत एक अक्षर मुकं होतंय.

आणि मग तीच, चहात पाव बुडवत, सहज बोलली,
‘पप्पा, नाइफमधला के आधी बोलायचा.
पाच-सहाशे वर्षांखाली
तिकडची सगळी माणसं क म्हणायची,
रात्रीतला घसुद्धा घशातून काढायची.
पुढं जिभा सैल झाल्या,
लिहिण्यात तेवढा राहिला.’
जसं रेशनकार्डावर
थोरल्या काकाचं नाव राहिलं होतं,
तो गेल्यावर बारा वर्षं.

त्या रात्री पंख्याकडं बघत पडलो.
म्हणजे मी चुकलो नव्हतो.
मला फक्त उशीर झाला होता
पाचशे वर्षांचा,
आणि उशिरा येणाऱ्याला
आमच्या शाळेत छडीच होती.

सर आता उदगीरातच असतात, लेकाकडं.
अठ्ठ्याऐंशी पूर्ण. एक कान पूर्ण गेलेला,
दुसऱ्यात ओरडावं लागतं.
‘सर, के बोलत होता!’
‘कोण बोलत होता?’
‘के! नाइफचा! आधी सगळे बोलायचे!’
शेजारच्या गच्चीवरची बाई पापड वाळवता वाळवता थांबली.

सर कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.
मला वाटलं, ऐकू गेलंच नसेल.
मग माझा हात ओढून त्यांनी उताणा केला,
तळव्यावर अंगठा फिरवला,
ज्वारी किडकी आहे का बघावी तसा.
‘उजव्यावर किती दिल्या होत्या बे?’
‘दोन.’
‘अन् डाव्यावर?’
मी तीन सांगितलं.
का सांगितलं, माहीत नाही.

दात काढून ठेवलेले होते वाटीत.
तोंडातल्या तोंडात त्यांनी
जुळवून पाहिलं काहीतरी,
मग आत हाक मारली, अगदी वर्गातल्या आवाजात,
‘सुनबाई, पाहुण्याला पेरू काप. क्नाइप आण.’
फ गेला होता, क आला होता.
‘काय आणू मामा?’
‘क्नाइप!’

ती दारात येऊन आमच्या दोघांकडं बघत राहिली.
मग आत गेली
आणि विळी घेऊन आली.